सागरी स्काउट चळवळ : इतिहास, शिस्त आणि आपला किनारा

पेण तालुक्यातील हमरापूर आणि जोहे या गावांची नावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळे महाराष्ट्रात सर्वदूर पोहोचली आहेत. येथील मूर्तिकारांनी घडविलेल्या मूर्ती मुंबई-पुण्यासह परदेशातही जातात. परंतु या परिसराची आणखी एक ओळख आहे. पाताळगंगा आणि अंबा या नद्यांच्या मुखांलगतचा सखल प्रदेश खारेपाट म्हणून ओळखला जातो. भरतीचे पाणी खाड्यांतून आत शिरते, मातीच्या बांधांनी ते अडविले जाते आणि बांधाच्या आतल्या अंगाला भात पिकतो. बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात पसरते आणि शेतकऱ्याच्या वर्षाच्या कष्टांवर पाणी फिरते. अशा मुलखात वाढणाऱ्या मुलांना पाण्याविषयी वेगळे काही शिकवावे लागत नाही, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो.

ही समजूत आज पुन्हा तपासून पाहण्याची वेळ आली आहे. एकेकाळी कोळ्याचा मुलगा बापासोबत होडीत बसे, आगरी शेतकऱ्याचा मुलगा खाडीत पोहत असे आणि कोणीही न शिकविता भरती-ओहोटीचे वेळापत्रक त्याला तोंडपाठ होई. आज तोच मुलगा सकाळी शाळेच्या बसमध्ये बसतो, सायंकाळी शिकवणीला जातो आणि पुढे कारखान्यात, बंदरात अथवा मुंबईच्या कार्यालयात नोकरी शोधतो. यात गैर काही नाही. मात्र समुद्र होता तेथेच आहे. त्याची भरती थांबलेली नाही आणि त्याचे धोकेही कमी झालेले नाहीत. घराघरांतून आपोआप मिळणारे ज्ञान आता कोणी तरी ठरवून, नियमाने आणि जबाबदारीने मुलांच्या हाती द्यावे लागणार आहे.

नेमक्या याच कामासाठी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक चळवळ जन्माला आली. तिचे नाव सागरी स्काउट. किनाऱ्यावरील आपल्या धर्मग्रामांनी तिचा इतिहास जाणून घ्यावा, तिच्या यशापासून आणि तितकेच तिच्या दुःखापासूनही शिकावे, या हेतूने हा लेखप्रपंच.

सागरी स्काउट म्हणजे काय?

सागरी स्काउट हा प्रथम स्काउटच असतो. इतर स्काउटांप्रमाणे तोही वचन घेतो, स्काउटचे नियम पाळतो, सहा ते आठ मुलांच्या टोळीत काम करतो आणि आपल्याच वयाच्या टोळीनायकाच्या हाताखाली शिस्त शिकतो. फरक इतकाच की, त्याचे शिबिराचे मैदान पाणी असते. पोहणे, वल्हविणे, शीड उभारणे आणि उतरविणे, सुकाणू धरणे, नांगर टाकणे, दोरांच्या गाठी मारणे, होकायंत्र व सागरी नकाशा वाचणे, वारा व ढग ओळखणे, भरती-ओहोटीचा हिशेब करणे, झेंडे व दिव्यांच्या खुणांनी संदेश देणे आणि बुडणाऱ्याला वाचविणे, हा त्याचा अभ्यासक्रम.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सागरी स्काउट हे नौदलाच्या भरतीचे केंद्र नव्हे आणि श्रीमंतांच्या नौकाविहाराचा क्लबही नव्हे. या चळवळीचे उद्दिष्ट मुलाचा स्वभाव घडविणे हे आहे, आणि त्यासाठी होडी हे साधन आहे. होडीत कोणालाही एकट्याने शहाणपण करता येत नाही. एकाचे वल्हे चुकले तर सर्वांची गती मोडते. एकाने घाबरून उडी मारली तर सर्वांचा तोल जातो. जमिनीवर तासन्‌तास उपदेश करून जे मुलांच्या गळी उतरत नाही, ते होडीत घटकाभरात उमगते.

उगमाची कथा

स्काउट चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे एक प्रायोगिक शिबिर घेतले. त्यात सधन घरांतील मुले होती आणि कष्टकरी कुटुंबांतील मुलेही होती. त्या सर्वांना चार टोळ्यांत विभागून एकत्र ठेवण्यात आले. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, बेडन-पॉवेल यांचे 'स्काउटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि चळवळ वाऱ्यासारखी पसरली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, पहिले शिबिरच एका बेटावर झाले होते. समुद्र या चळवळीच्या पाळण्यापाशीच होता.

बेडन-पॉवेल हे स्वतः सैनिक असले तरी बालपणी आपल्या भावंडांसह शिडाच्या होडीतून किनारपट्टीवर हिंडलेले होते. त्या होडीचे कप्तान असत त्यांचे थोरले बंधू वॉरिंग्टन. थोरल्या भावाचा शब्द होडीत अखेरचा मानावयाचा, हा धडा त्यांनी तेव्हाच घेतला होता.

१९०९ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी ब्यूली नदीकाठी बकलर्स हार्ड या ठिकाणी दुसरे एक शिबिर भरविले. या वेळी 'मर्क्युरी' हे प्रशिक्षण जहाज त्यांच्या मदतीला होते. या जहाजाचे प्रमुख होते सी. बी. फ्राय. क्रिकेटच्या जुन्या रसिकांना हे नाव रणजितसिंहजींचे सहकारी म्हणून परिचित असेल. मुलांचे दोन गट करण्यात आले. एक गट किनाऱ्यावर तंबूत राहिला, दुसरा जहाजावर. आठवड्यानंतर त्यांची अदलाबदल झाली. सागरी स्काउट शाखेचा प्रारंभ सामान्यतः या शिबिरापासून मानला जातो. पुढे १९१२ मध्ये वॉरिंग्टन यांनी सागरी स्काउटांसाठी सविस्तर मार्गदर्शक पुस्तक लिहिले. धाकट्याने चळवळ उभी केली आणि थोरल्याने तिला समुद्र दिला, असे या दोन बंधूंविषयी म्हणता येईल.

लेसडाउनचा धडा

चळवळीच्या उत्साहाचा बहर असतानाच तिच्यावर मोठा आघात झाला. ४ ऑगस्ट १९१२ रोजी लंडनच्या वॉलवर्थ भागातील स्काउट एका शिडाच्या होडीतून शेपी बेटावरील लेसडाउन येथे शिबिरासाठी निघाले होते. किनारा दृष्टीच्या टप्प्यात असताना वादळी वाऱ्याचा एक झोत आला आणि होडी उलटली. आठ स्काउट आणि त्यांच्यासोबतचा एका प्रशिक्षण जहाजावरील मुलगा, असे नऊ जण बुडाले. ही गरीब वस्तीतील मुले होती. सारे इंग्लंड हळहळले. त्यांचे मृतदेह लंडनला आणण्यासाठी तेव्हाचे नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी युद्धनौका पाठविली. लंडनच्या नन्हेड दफनभूमीत त्यांना निरोप देण्यासाठी अफाट जनसमुदाय लोटला होता.

या प्रसंगाचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. चळवळीच्या इतिहासात केवळ गौरवाची पाने वाचली तर आपण अर्धाच धडा शिकू. ती मुले उत्साही होती, आज्ञाधारक होती, त्यांचे स्काउट मास्तरही त्यांच्यासोबत होते. तरीही समुद्राने त्यांची गय केली नाही. सद्‌हेतू हा सुरक्षेला पर्याय होऊ शकत नाही, हे लेसडाउनने शिकविले. आज कोणत्याही जबाबदार सागरी स्काउट पथकात पोहण्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्याविना मुलाला होडीत घेतले जात नाही, जीवरक्षक जॅकेट अंगात असल्याविना वल्हे हाती दिले जात नाही आणि हवामान पाहिल्याविना नांगर उचलला जात नाही. हे नियम कोणाच्या हौसेखातर झालेले नाहीत. त्यांच्यामागे लहान मुलांच्या शवपेट्या आहेत.

सेवेचे दिवस

लेसडाउननंतर अवघ्या दोन वर्षांत पहिले महायुद्ध सुरू झाले. ब्रिटनच्या किनाऱ्यावर पहारा करणारे तटरक्षक नौदलात बोलावले गेले आणि त्यांची जागा हजारो स्काउटांनी घेतली. दिवसरात्र आळीपाळीने समुद्रावर नजर ठेवणे, जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांची नोंद करणे, निरोप पोहोचविणे आणि संकटातील नौकांची खबर देणे ही कामे ही मुले करीत. हाती शस्त्र न घेता देशाची सेवा करता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये फ्रान्समधील डंकर्कच्या किनाऱ्यावर लक्षावधी सैनिक अडकून पडले. त्यांना आणण्यासाठी मोठ्या जहाजांसोबत शेकडो लहान नौकाही खाडी ओलांडून गेल्या. त्यांत मॉर्टलेक येथील सागरी स्काउटांची 'मिनोटॉर' ही बोट होती. 'सनडाउनर' नावाच्या दुसऱ्या एका नौकेवर तिघे जण होते. चार्ल्स लायटोलर, त्यांचा मुलगा आणि जेराल्ड अ‍ॅशक्रॉफ्ट हा अठरा वर्षांचा सागरी स्काउट. लायटोलर हे 'टायटॅनिक' जहाजाच्या दुर्घटनेतून वाचलेले सर्वांत ज्येष्ठ अधिकारी होत. बॉम्बवर्षावातून मार्ग काढीत या तिघांनी सुमारे १३० सैनिकांना त्या लहानशा नौकेतून सुखरूप परत आणले.

लेसडाउन आणि डंकर्क यांच्यामध्ये अठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे. मुले त्याच चळवळीची होती. मधल्या काळात त्या चळवळीने शिस्तीचे आणि तयारीचे मोल ओळखले होते. 'तयार राहा' हे स्काउटांचे ब्रीद आहे. त्याचा अर्थ या दोन प्रसंगांच्या मध्ये दडलेला आहे.

भारतातील वाटचाल

भारतात स्काउट चळवळ १९०९ मध्ये बंगळूर येथे सुरू झाली. परंतु तिची दारे प्रारंभी केवळ युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांनाच खुली होती. भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. हा अन्याय येथील धुरीणांना सलत होता. १९१६ मध्ये अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रास येथे भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभारली. याच सुमारास पंडित मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी उत्तरेत सेवा समितीच्या माध्यमातून हेच कार्य हाती घेतले. स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या संघटना एकत्र आल्या आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स आणि गाईड्स' ही संस्था अस्तित्वात आली. गाईड शाखेचे विलीनीकरण १९५१ मध्ये झाले. या संस्थेच्या रचनेत सागरी स्काउट आणि हवाई स्काउट अशा विशेष शाखांनाही स्थान आहे.

मुंबईच्या बंदराने समुद्रशिक्षणाची इतर रोपटीही वाढविली. व्यापारी जहाजांवरील भारतीय अधिकारी घडविण्यासाठी 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज १९२७ पासून मुंबईत कार्य करू लागले. त्याची परंपरा पुढे 'राजेंद्र' आणि नंतर नवी मुंबईतील 'चाणक्य' या संस्थांनी चालविली. १९३८ मध्ये कराचीत स्थापन झालेली सी कॅडेट कोअर ही मुलामुलींची स्वयंसेवी संस्था फाळणीनंतर मुंबईत आली. राष्ट्रीय छात्र सेनेचा नौदल विभागही महाविद्यालयीन तरुणांना वल्हविण्याचे व शीड हाकण्याचे शिक्षण देतो. म्हणजे वाटा अनेक आहेत. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या स्वतःच्या गावात, त्याच्या स्वतःच्या खाडीत आणि सेवेच्या भावनेने पाण्याची ओळख करून देणारी वाट म्हणून सागरी स्काउटचे महत्त्व वेगळे आहे.

ख्रिस्तसभा आणि स्काउट

बेडन-पॉवेल हे कॅथोलिक नव्हते. त्यामुळे प्रारंभी काही देशांतील कॅथोलिक मंडळी या चळवळीकडे साशंकतेने पाहत होती. ही शंका दूर करण्यात फ्रान्समधील येशूसंघीय धर्मगुरू फादर जाक सव्हँ यांचा मोठा वाटा आहे. १९१३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ही चळवळ जवळून पाहिली. स्काउटचे वचन, नियम आणि निसर्गातील साधे जीवन यांत शुभवर्तमानाशी सुसंगत असे बरेच काही आहे, अशी त्यांची खात्री पटली. १९२० मध्ये त्यांनी इतर सहकाऱ्यांसह फ्रान्समध्ये कॅथोलिक स्काउट संघटना स्थापन केली. १९५१ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या जीवनाची दखल घेऊन २०१२ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या कारकिर्दीत त्यांना 'आदरणीय' ही पदवी देण्यात आली. जगभरातील कॅथोलिक स्काउटांच्या परिषदेला १९६२ मध्ये रोमची मान्यताही लाभली आहे. संत जॉर्ज हे स्काउटांचे आश्रयदाते मानले जातात.

भारतातील स्काउट वचनात परमेश्वर आणि देश यांच्याप्रति कर्तव्य, इतरांना साहाय्य आणि नियमांचे पालन या गोष्टी येतात. 'ईश्वर' या शब्दाऐवजी 'धर्म' असा शब्द वापरण्याची मुभाही आहे. त्यामुळे एकाच पथकात ख्रिस्ती, आगरी, कोळी व मुसलमान कुटुंबांतील मुले खांद्याला खांदा लावून उभी राहू शकतात. रायगडच्या किनाऱ्यावर गावेच अशी संमिश्र आहेत. बुडणाऱ्याला हात देताना त्याची जात विचारली जात नाही, आणि एका होडीत बसलेल्यांना एकमेकांवाचून गत्यंतर नसते.

समुद्राशी तर आपल्या श्रद्धेचे नाते जुनेच आहे. प्रभू येशूने आपले पहिले शिष्य गालील सरोवराच्या काठी जाळी धुणाऱ्या व सांधणाऱ्या माणसांतून निवडले. वादळात घाबरलेल्या शिष्यांची कथा आपण संत मार्कच्या शुभवर्तमानात ऐकतो. दर्यावर्दी लोक पवित्र मरियेला 'समुद्रतारा' म्हणून हाक मारीत आले आहेत. त्याच नावाने, 'स्टेला मॅरिस' म्हणून, खलाशांची व मच्छीमारांची आध्यात्मिक आणि सामाजिक सेवा करणारी ख्रिस्तसभेची संस्था आज जगभरातील बंदरांत कार्यरत आहे. तिची स्थापना १९२० मध्ये ग्लासगो येथे झाली. रायगड जिल्ह्यातच मुरुड तालुक्यात कोर्लई हे गाव आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेला तेथील ख्रिस्ती समाज पोर्तुगीज वळणाची आपली बोली शतकानुशतके जपून आहे. समुद्रकाठी श्रद्धा कशी टिकते, याचे ते जिवंत उदाहरण होय.

आपला किनारा, आपले दुःख

लेसडाउन दूर आहे, परंतु आपल्या किनाऱ्याचेही स्वतःचे दुःख आहे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी 'रामदास' ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. अमावस्येचा सण घरी साजरा करण्यासाठी अलिबाग, पेण, रोहे परिसरातील चाकरमानी तीत दाटीवाटीने बसले होते. पावसाळी समुद्रात काशाच्या खडकाजवळ लाटांनी बोटीत पाणी शिरले. घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. बोटीवर संदेश पाठविण्याची यंत्रणा नसल्याने मुंबईला वार्ता कळण्यास कित्येक तास लागले. त्या वेळी मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्यांतील मासळी समुद्रात फेकून दिली आणि त्या जागी बुडणारी माणसे घेतली, असे या भागात आजही कृतज्ञतेने सांगितले जाते. त्यांना कोणी गणवेश दिला नव्हता. परंतु सागरी स्काउटचे वचन त्याहून अधिक चांगले कोणी पाळले असेल असे वाटत नाही.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला मुंबई बंदरात नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर प्रवासी बोटींतील जीवरक्षक जॅकेटांचा प्रश्न ऐरणीवर आला. प्रत्येक दुर्घटनेची कारणे निराळी असतात आणि त्यांचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पाण्याजवळ राहणाऱ्या वा पाण्याजवळ येणाऱ्या माणसाला पाण्याविषयी किमान ज्ञान हवे, एवढे मात्र या घटना पुन्हा पुन्हा सांगतात.

किनारी गावांत पोलिसांना साहाय्य करणारी सागर रक्षक दले आहेत. संशयास्पद नौका दिसल्यास खबर देणारे हे ग्रामस्थ स्वयंसेवक पहिल्या महायुद्धातील त्या किनारारक्षक मुलांचेच नातलग म्हणावे लागतील. किनाऱ्यावर डोळे उघडे ठेवण्याची ही सवय लहानपणीच लागली तर ती आयुष्यभर टिकेल.

मुलांना काय शिकवावे?

सागरी स्काउटच्या शिक्षणातील काही गोष्टी इतक्या उपयुक्त आहेत की, पथक नसले तरी प्रत्येक घरात त्या सांगितल्या जाव्यात.

पहिली गोष्ट भरतीचा हिशेब. आपल्या जुन्या दर्यावर्दींचे एक सोपे गणित आहे. तिथीला पाऊण तासाने गुणले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पाणी पूर्ण भरलेले असते. सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते आणि प्रवाहाला जोर असतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती सौम्य असते. खाडीच्या आतल्या गावांत पाणी काहीसे उशिरा पोहोचते. हा अंदाज झाला. समुद्रात उतरण्यापूर्वी छापील वेळापत्रक पाहावे हे उत्तम. ओहोटी लागलेली असताना अनोळखी किनाऱ्यावर पोहण्यास जाऊ नये, कारण पाणी आपल्याला आत ओढीत असते.

दुसरी गोष्ट होडीतील वर्तन. होडीत उभे राहू नये, सर्वांनी एका बाजूला सरकू नये, नाखव्याची आज्ञा विनाविलंब पाळावी. होडी उलटल्यास तिला धरून राहावे. किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत सुटणारे वाटेतच थकतात. उलटलेली होडी सहसा तरंगत राहते, आणि शोधणाऱ्यांना एकट्या माणसापेक्षा ती लवकर दिसते.

तिसरी गोष्ट वाचविण्याचा क्रम. कोणी बुडताना दिसल्यास प्रथम आरडाओरडा करून मदत बोलवावी. मग काठी, वल्हे वा ओढणी पुढे करावी. ते पुरत नसेल तर दोर, रिकामा डबा वा ट्यूब फेकावी. त्याने भागत नसेल तर होडी न्यावी. स्वतः पाण्यात उडी घेणे हा अखेरचा उपाय, आणि तोही शिकलेल्यानेच करावा. बुडणारा माणूस वाचविणाऱ्याला घट्ट मिठी मारतो आणि एकाच्या जागी दोन जीव जातात, हे आपल्या गावांनी अनेकदा पाहिले आहे. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास थांबला असल्यास पोट दाबून वा उलटे धरून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. तत्काळ तोंडाने कृत्रिम श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावा आणि रुग्णालयात न्यावे. तातडीच्या मदतीसाठी ११२, सागरी पोलिसांसाठी १०९३ आणि तटरक्षक दलासाठी १५५४ हे क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावेत.

चौथी गोष्ट गाठी. 'बोलाईन' नावाचा न सरकणारा फास ज्याला मारता येतो, तो दोर फेकून माणूस ओढून घेऊ शकतो. आपल्या गावातील कोणताही वृद्ध तांडेल ही गाठ डोळे मिटून मारील. त्याला तिचे इंग्रजी नाव ठाऊक नसेल, एवढाच फरक.

धर्मग्रामात पथक कसे उभे राहील?

भारत स्काउट्स आणि गाईड्सची पथके बहुधा शाळांतून चालतात, तसेच शाळेबाहेरही खुली पथके स्थापन करता येतात. त्यासाठी जिल्हा संस्थेकडे नोंदणी करावी लागते आणि प्रौढ कार्यकर्त्यांना रीतसर प्रशिक्षण घ्यावे लागते. धर्मग्रामाच्या युवक मंडळाने प्रथम दोन-तीन जबाबदार प्रौढ शोधावेत. पालकांची लेखी संमती घ्यावी. मुलींसाठी गाईड पथक आणि प्रशिक्षित महिला कार्यकर्ती असावी. कोणत्याही उपक्रमात एकटा प्रौढ मुलांसोबत असू नये, हा नियम समुद्रातील नियमांइतकाच कठोरपणे पाळावा.

पहिल्या वर्षी होडीची गरज नाही. शांत, उथळ आणि परिचित पाण्यात पोहणे, किनाऱ्यावर गाठी, प्रथमोपचार, भरतीची नोंदवही, किनाऱ्याची स्वच्छता आणि कांदळवनाची ओळख एवढे पुष्कळ झाले. पावसाळ्यात मुलांना पाण्यात नेऊच नये. १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या राज्यात यांत्रिक मासेमारीही बंद असते. जेथे अनुभवी नाखवे थांबतात तेथे मुलांनी पुढे जाण्याचे कारण नाही. ते दिवस दोर, नकाशा आणि होकायंत्र शिकण्याचे.

आणि शिक्षक कोठून आणावयाचे? ते आपल्या गावातच आहेत. ज्यांच्या हातांना वल्ह्यांचे घट्टे पडले आहेत, जे वाऱ्याच्या वासावरून पाऊस ओळखतात, असे निवृत्त नाखवे आणि तांडेल दुपारच्या वेळी ओट्यावर बसलेले असतात. त्यांचे ज्ञान ऐकण्यास आज कोणी नाही. त्यांची मुले नोकरीला गेली, नातवंडे मोबाईलमध्ये रमली. सागरी स्काउट पथकाने या वृद्धांना आदराने बोलावून मुलांसमोर बसविले, तर चळवळीच्या पुस्तकातील शिस्त आणि आपल्या किनाऱ्याची विद्या यांची गाठ पडेल. ही गाठ आज मारली नाही, तर ती विद्या त्या वृद्धांसोबतच दफन होईल. पुस्तके पुन्हा छापता येतात, तांडेल पुन्हा मिळत नाही.

जोह्याच्या मूर्तिकाराचा मुलगा असो, खारेपाटातील शेतकऱ्याची मुलगी असो वा कोर्लईच्या मच्छीमाराचे लेकरू असो, त्याने मोठेपणी कोणताही व्यवसाय करावा. परंतु एखाद्या दिवशी खाडीवरून कोणाची हाक आली, तर त्याने घाबरून न जाता दोर उचलावा, फास टाकावा आणि एक जीव काठावर आणावा, एवढी तयारी आपण त्याला दिली पाहिजे. समुद्रतारा पवित्र मरिया आपल्या किनाऱ्यावरील सर्व लेकरांचे, त्यांच्या पालकांचे आणि दर्यावर कष्ट करणाऱ्या प्रत्येक बांधवाचे रक्षण करो.